वजनकाटा, वही आणि फोन : हार्ट फेल्युअरच्या रुग्णाची घरून देखरेख कशी लावायची

दिवाळी संपून आठवडा झाला होता. रात्री दोन वाजता बाबा पलंगाच्या कडेला बसून होते, दोन्ही हात गादीवर टेकलेले. "आडवं झालं की घुसमटतं," एवढंच म्हणाले. पहाटे अ‍ॅडमिट केलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला : गेल्या आठवड्यात वजन किती वाढलं? आई माझ्याकडे बघायला लागली, मी भावाकडे. घरात वजनकाटाच नव्हता.

सहा दिवसांनी बाबा घरी आले तेव्हा त्यांचं वजन पाच किलोंनी उतरलेलं होतं. ते सगळं पाणी होतं आणि ते आमच्या डोळ्यांदेखत साठत गेलं होतं. चपलेचा पट्टा पावलात रुतत होता, एका उशीच्या तीन झाल्या होत्या, ताटातली दुसरी पोळी तशीच राहत होती. आम्ही म्हणत होतो, फराळ जास्त झाला, वय झालं.

त्याला आता तीन वर्षं झाली. आई-बाबा इंदूरला रामबागेत राहतात, मी तिथेच विजयनगरला, भाऊ पुण्यात. रोज सकाळी जाऊन बघणं मला जमत नाही, म्हणून आम्ही हळूहळू फोनवरून देखरेखीची एक पद्धत बसवली. तिच्यात आमच्या बऱ्याच चुका झाल्या. तुमच्या घरी कुणी नुकतंच हे निदान घेऊन आलं असेल तर त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या रुग्णासाठीचा आकडा त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच सांगायचा.

एक गैरसमज आधी दूर करू. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडते, किंवा ते ताठर होऊन नीट भरत नाही. रक्त पुरेसं येत नाही असं वाटून मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत, पोटात आणि शेवटी फुफ्फुसांत उतरतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणून धाप लागायच्या कित्येक दिवस आधी काटा बोलायला लागतो. घरच्या देखरेखीचा सगळा पाया हा आहे.

१. डिस्चार्जच्या दिवशी या गोष्टी कागदावर लिहून घ्या

घरी जायची घाई असते, बिलाच्या रांगेत कुणीतरी उभं असतं, आणि डॉक्टर दोन मिनिटं येऊन जातात. ती दोन मिनिटं वाया घालवू नका. मी आता प्रत्येक वेळी वहीचं पहिलं पान पुढे करते आणि म्हणते, "डॉक्टरसाहेब, एवढं भरून द्या."

त्या पानावर हे असतं :

– ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. पुढची सगळी मोजणी याच्याशी ताडायची.
– वजन किती वाढलं तर फोन करायचा आणि किती कमी झालं तर करायचा. दुसरा भाग बहुतेक जण विचारतच नाहीत.
– बीपी आणि नाडी किती ते किती चालेल.
– दिवसभरात पाणी, चहा, ताक, आमटी, सगळं मिळून किती घ्यायचं. प्रत्येकाला पाण्याची मर्यादा नसते. सांगितली असेल तरच पाळा, मनाने घालून घेऊ नका.
– वजन वाढल्यावर लघवीची गोळी, म्हणजे जादा पाणी लघवीवाटे काढणारी, वाढवायची का, किती, किती दिवस, की आधी फोनच करायचा.
– दिवसा कुणाला फोन, रात्री कुणाला, रविवारी कुणाला.
– ईएफचा आकडा आणि पुढची रक्ततपासणी कधी. ईएफ म्हणजे प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतो ते. चाळीस किंवा त्याखाली असेल तर पंप कमकुवत. पन्नासच्या वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, त्यामुळे "ईएफ नॉर्मल आहे" म्हणून निर्धास्त होऊ नका.

लघवीच्या गोळीबद्दलची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. काही डॉक्टर वजनानुसार गोळी कमी-जास्त करायची मुभा देतात, काही अजिबात देत नाहीत, आणि दोघांचीही कारणं असतात. तुमच्याबाबत काय ठरलंय ते लिहिलेलं हवं. रात्री अकराला ते कुणाला आठवत नाही.

२. काय-काय घ्यायचं

– डिजिटल वजनकाटा, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा, आकडा मोठा दिसणारा.
– दंडावर पट्टा बांधायचं बीपीचं मशीन. मनगटाचं घेऊ नका. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त येतं.
– बोटाला लावायचा ऑक्सिमीटर.
– जाड पुठ्ठ्याची वही आणि तिला दोऱ्याने बांधलेलं पेन.
– आठवड्याच्या गोळ्यांची डबी, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली.
– आई किंवा बाबांपैकी एकाला तरी फोटो काढून पाठवता येईल असा फोन.

आर.एन.टी. मार्गावरच्या दवाबाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. मशीन तिथेच उघडून, स्वतःच्या दंडावर दोनदा लावून बघा आणि गॅरंटीकार्डावर शिक्का घ्या. आमच्या तिन्ही यंत्रांचे मिळून पाच हजारांच्या आत पैसे झाले.

ब्लूटूथचा काटा हवा का, असं मला नेहमी विचारतात. घरात फोनची सवय असणारं कुणी असेल तर घ्या, नसेल तर साधा काटा आणि वहीच बरी. आमच्या पहिल्या ब्लूटूथ काट्यावर एके दिवशी बाबांच्या नावापुढे ५४ किलोंची नोंद पडली. कामाच्या मावशी सहज उभ्या राहून बघून गेल्या होत्या. साध्या वहीत असं घडत नाही, कारण लिहिणारा माणूस आकड्याकडे बघतो.

मनगटावरचं स्मार्ट घड्याळ नाडी अनियमित झाली तर सावध करू शकतं, त्याचा तेवढा उपयोग आहे. अंगात पाणी साठतंय हे ते सांगत नाही. ते काट्याचं काम करील अशा भरवशावर राहू नका.

रुग्णाला पेसमेकर किंवा आयसीडी (लय बिघडली की आतून झटका देणारं यंत्र) बसवलेला असेल तर तो घरून माहिती पाठवणारा आहे का, आणि त्याचं पलंगाशेजारी ठेवायचं यंत्र किंवा फोनवरचं अ‍ॅप सुरू केलंय का, हे कार्डिओलॉजिस्टना विचारा. बऱ्याच घरांत ते खोक्यातच पडून राहतं.

३. वजन : रोज, त्याच वेळी, तसंच

सकाळी उठल्यावर, लघवी-शौच उरकल्यावर, चहाच्या आधी. रोज साधारण तेवढेच कपडे. काटा कडक, सपाट फरशीवर. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला की आकडा हलतो. काट्याची जागा एकदा ठरवा आणि फरशीवर खडूने चौकोन काढा. आमच्या जुन्या वाड्यात शहाबादी फरशी आहे, तिला उतार आहे, आणि काटा एक फरशी सरकवला तर अर्ध्या किलोचा फरक पडायचा. हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी डॉक्टरांना दोनदा विनाकारण फोन केला.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी वजन घ्या. दवाखान्याचा काटा आणि घरचा काटा यांत किलोभराचा फरक सहज असतो. डॉक्टरांना सांगा, "तुमच्याकडे ६८.२ होतं, घरच्या काट्यावर ६७.५ येतंय," आणि घरच्या काट्यावरचं ड्राय वेट त्यांच्याकडून नक्की करून घ्या. काटा बदलला तर हे पुन्हा करा.

सावध व्हायचा सर्वसाधारण आकडा असा : एका दिवसात एक ते दीड किलो, किंवा आठवड्याभरात दोन किलोंच्या वर वाढ. इथे एक सापळा आहे. रोज फक्त कालच्या वजनाशी ताडलं तर २००-३०० ग्रॅमची वाढ डोळ्यांत भरत नाही, आणि अशी आठ दिवसांत दोन किलो कधी होतात ते कळत नाही. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा : कालपेक्षा किती, आणि ड्राय वेटपेक्षा किती. आई पूर्वी शाळेत गणित शिकवायची. दुसरा रकाना तिचीच सूचना. एकदा गणपतीत त्या रकान्यानेच बाबांना दवाखान्यापासून वाचवलं. "ड्राय वेटपेक्षा १.९" असं दिसल्यावर आम्ही तिसऱ्या दिवशी फोन केला, डॉक्टरांनी चार दिवस गोळी वाढवली, आणि बाबा आरतीला उभे राहिले.

उलटही लक्षात ठेवा. भूक मेलेली असेल तर अंगातलं मांस झिजत जातं आणि त्याच वेळी पाणी वाढत जातं. काटा स्थिर दिसतो, पण पाय सुजलेले असतात. म्हणून पायरी ५ वगळू नका.

४. बीपी, नाडी, ऑक्सिजन

बीपी घेण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, पायावर पाय नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी-तंबाखू नाही. पट्टा उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही लिहा. मोजताना बोलायचं नाही. बाबांना नेमकं तेव्हाच पेपरातलं काहीतरी सांगायचं असतं.

वेळ ठरवताना गोळ्यांच्या आधी की नंतर हे डॉक्टरांना विचारा आणि मग बदलू नका. हार्ट फेल्युअरच्या बहुतेक औषधांनी बीपी खाली येतं, त्यामुळे १०० च्या आसपासचा वरचा आकडा पाहून घाबरायचं कारण नसतं. मात्र उभं राहिल्यावर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा वरचा आकडा ९० च्या खाली, असं असेल तर त्याच दिवशी कळवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणारी गोळी, एकदम थांबवणं घातक ठरू शकतं.

नाडी अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत मशीनचे आकडे भरवशाचे नसतात. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजायला घरातल्या एकाने शिकून घ्या. कुठल्याही नर्सताई दोन मिनिटांत शिकवतात.

ऑक्सिमीटरला नखांवरचं पॉलिश, गडद मेंदी आणि गार बोटं चालत नाहीत. लग्नसराईत आईच्या बोटावर आकडा ८८ आला तेव्हा आम्ही हादरलो होतो. मेंदी नसलेल्या बोटावर ९७ होता. अजून एक : ऑक्सिजन चांगला आहे म्हणून पाणी साठलेलं नाही, असं होत नाही. तो बऱ्याचदा उशिरा पडतो.

५. काट्याला न दिसणारं

रोज रात्री पाच प्रश्न, मिनिटभराचं काम :

– किती उशा लागल्या? वाढल्या का?
– रात्री धापेने जाग आली का? आडवं झाल्यावर कोरडा खोकला येतो का?
– नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून सोडल्यावर खळगा राहतो का? कुठपर्यंत : घोटा, नडगी, गुडघा? जो दिवसभर झोपून असतो त्याची सूज कमरेच्या मागे बघा.
– चपलेचा पट्टा बांधायला वाकल्यावर दम लागतो का?
– दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं का?

"बरं वाटतंय का?" असं विचारू नका. आमच्या पिढीच्या आई-वडिलांना या प्रश्नाचं एकच उत्तर येतं. "काल जिना चढताना किती वेळा थांबलात?" असं विचारा. बाबा नेहमी रामबागेतून चालत राजवाड्यापर्यंत जायचे. वाटेत ते कुठे टेकतात यावरून मला आता त्यांची तब्येत कळते.

६. आकडे कुणी बघायचे

हा भाग मला सगळ्यांत कळकळीने सांगायचा आहे, कारण आमचं सगळ्यांत मोठं नुकसान इथेच झालं.

पहिल्या वर्षी आम्ही एका कंपनीचं घरगुती देखरेखीचं पॅकेज घेतलं. काटा, बीपी मशीन, अ‍ॅप, सुंदर आलेख. महिन्याचे पैसे भरत होतो. फेब्रुवारीत बाबांचं वजन नऊ दिवस चढत होतं, अ‍ॅपवर ती रेघ वर जाताना स्पष्ट दिसते, आणि त्या नऊ दिवसांत आम्हाला कुणाचाही फोन आला नाही. आम्ही समजत होतो ते बघतायत, ते समजत होते आम्ही बघतोय. दहाव्या दिवशी बाबा पुन्हा दवाखान्यात. नंतर करार वाचला. त्यात लिहिलं होतं की माहिती साठवली जाईल. ती कुणी वाचेल, असं कुठेही नव्हतं.

मी रागारागाने डॉक्टरांना विचारलं, हे सगळं थोतांड आहे का? त्यांनी मला दोन अभ्यास समजावले. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,६५३ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांनी रोज फोनवरच्या यंत्राला लक्षणं आणि वजन सांगायचं होतं. सहा महिन्यांनी त्यांच्यात आणि इतरांच्यात पुन्हा भरती होण्याच्या किंवा मृत्यूच्या बाबतीत फरकच निघाला नाही. २०१८ साली जर्मनीतल्या अभ्यासात १,५७१ रुग्ण होते. घरी काटा, बीपी, ईसीजी, ऑक्सिमीटर हीच साधनं, पण पलीकडे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेल्या, आकडा बिघडला की फोन करणाऱ्या, औषध बदलणाऱ्या. त्या गटात अचानक भरती आणि मृत्यू यांत गेलेले दिवस वर्षाला सरासरी १७.८ भरले, नेहमीच्या उपचारांत २४.२. मृत्यूही कमी झाले. यंत्रं जवळपास कुणालाही घेता येतात. फरक पडला तो पलीकडच्या माणसांमुळे.

म्हणून पॅकेज घ्यायचं असेल तर पैसे भरण्यापूर्वी हे लेखी विचारा :

– आकडे रोज कोण बघतं, त्यांचं शिक्षण काय, किती वाजता बघतात?
– मर्यादा ओलांडली की किती वेळात फोन येईल? रविवारी? दिवाळीत?
– आम्ही दोन दिवस आकडे पाठवले नाहीत तर कुणी विचारेल का?
– आमच्या कार्डिओलॉजिस्टना हे कळतं का, की यांचे डॉक्टर वेगळे?
– पॅकेज बंद केल्यावर आमच्या नोंदी आम्हाला मिळतील का?

उत्तरं गुळमुळीत आली तर घेऊ नका. घरच्या घरी यापेक्षा चांगलं उभं करता येतं. आमची सध्याची पद्धत अशी. आई सकाळी साडेसातला वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. आठपर्यंत मी बघते आणि "बघितलं" असं लिहिते. नुसता अंगठ्याचा इमोजी आमच्याकडे चालत नाही, तो न बघताही टाकता येतो. साडेआठपर्यंत माझं उत्तर नसेल तर भाऊ बघतो. आठपर्यंत फोटोच आला नाही तर मी फोन करते, आणि फोन उचलला नाही तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर जाऊन येतात. दर रविवारी आठवड्याचं पान डॉक्टरांच्या क्लिनिकच्या नंबरवर जातं. हे त्यांच्याशी बोलून ठरवलं आहे; न विचारता रोज फोटो पाठवले तर ते गर्दीत हरवतात, आणि तुम्ही मात्र डॉक्टरांना कळवलंय अशा समजुतीत राहता.

वहीचे मथळे हिंदीत किंवा इंग्रजीत ठेवा आणि आकडे इंग्रजी लिहा. आम्ही सुरुवातीला सगळं मराठीत लिहीत होतो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ते लागलं नाही आणि वही बाजूला पडली.

फोनवरून सल्ला मिळतो का? मिळतो. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम लागू केले. नोंदणीकृत डॉक्टर फोन, व्हिडिओ किंवा संदेशावरून सल्ला देऊ शकतात आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटोही पाठवू शकतात. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखवलेलं असेल तर तो फॉलो-अप धरला जातो, म्हणून सहा महिन्यांतून एकदा तरी समोर जाऊन दाखवाच. प्रत्यक्ष तपासायची गरज आहे असं वाटलं तर डॉक्टर फोनवर नाही म्हणू शकतात. त्यांच्याशी वाद घालू नका. सरकारी ई-संजीवनीवर मोफत सल्ला मिळतो, पण रोज तुमच्या वहीकडे बघणारा ओळखीचा डॉक्टर तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

७. केव्हा फोन, केव्हा थेट दवाखाना

त्याच दिवशी फोन : वजन ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं, सूज वर चढली, एक उशी वाढली, नवा खोकला, चक्कर, लघवी एकदम कमी, उलट्या किंवा जुलाब, नाडी ठरलेल्या मर्यादेबाहेर.

फोनवर बोलत न बसता १०८ किंवा जी गाडी हाताशी असेल ती : बसल्या जागी धाप, आडवं होताच येत नाही, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, गुलाबी फेसाची थुंकी, ओठ निळसर, बोलण्यात किंवा ओळखण्यात गोंधळ, ऑक्सिजन ९० च्या खाली आणि सोबत दम. रुग्णाला झोपवून नेऊ नका, बसतं ठेवा. कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे आज ठरवा आणि रात्रीच्या वेळी तिथे हृदयरोगाची सोय आहे का हेही आजच विचारून ठेवा.

८. मीठ : इंदूरकरांनी हा भाग दोनदा वाचावा

जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. आता आपली सकाळ बघा. पोह्यात मीठ, वर मूठभर शेव, त्यावर जिरावन हा आपला इंदुरी मसाला, आणि त्यात पुन्हा मीठ. दुपारी जेवणात लोणचं-पापड, चारला नमकीन, हिवाळ्यात संध्याकाळी सराफा बाजारातला गराडू, म्हणजे तळलेला कंद, त्याच्यावर मसाला. भाजीत मीठ कमी टाकून यातलं काहीच कमी होत नाही.

आईने भाजीतलं मीठ अर्ध्यावर आणलं होतं आणि तरी वजन चढत होतं. तीन दिवस बाबांनी जे-जे तोंडात टाकलं ते लिहून काढलं तेव्हा चोर सापडला : मेतकूट, सांडगी मिरची, ताकातलं मीठ आणि आंबट ढेकरांसाठीची फसफसणारी पावडर. त्या पावडरीत आणि ढोकळ्यातल्या खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं. सैंधव आणि काळं मीठही मीठच आहे. उपासाला चालतं म्हणून हृदयाला चालत नाही.

सर्वांत धोक्याचं म्हणजे बाजारातलं 'कमी सोडियमचं' मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच औषधांनी रक्तात पोटॅशियम आधीच वाढतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका. नारळपाण्यालाही हेच लागू.

पोहे सोडावे लागले नाहीत. बाबा आजही रविवारी पोहे खातात, घरचे, शेवेशिवाय, भरपूर लिंबू, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे आणि बारीक कांदा घालून. पहिले पंधरा दिवस ते बेचव लागतात. त्यानंतर जीभ बदलते. आता बाहेरचं खाल्लं की तेच म्हणतात, खारट आहे.

९. मेडिकलवाल्याकडून आणलेली गोळी

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन सहज मिळतं. या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. दोन दिवसांच्या गोळ्यांनी बाबांचं वजन सव्वा किलोने वाढलेलं मी वहीत बघितलं आहे. दुखण्यासाठी काय घ्यायचं ते कार्डिओलॉजिस्टना आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पाण्यात विरघळणाऱ्या, फसफसणाऱ्या गोळ्याही टाळा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना, दातांच्याही, औषधांची यादी बरोबर न्या.

१०. कागदपत्रं आणि पैसे

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये : डिस्चार्ज समरी, शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी), शेवटचा ईसीजी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम आणि पोटॅशियमचे रिपोर्ट तारखेनुसार, औषधांची चालू यादी, अ‍ॅलर्जी, आधार, आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर तो, विम्याचं किंवा आयुष्मान कार्ड. औषध बदललं की आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त तपासायला सांगतात. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कारण तीच सगळ्यांत जास्त विसरली जाते.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडीही. पण हे भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. घरचा काटा, बीपी मशीन, ओपीडीची फी यातून निघत नाही. औषधांसाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करा. तिथली गोळी घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना पाकीट दाखवा आणि घटकाचं नाव व मिलिग्रॅम ताडून घ्या.

११. उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो. घाम जातो, भूक कमी होते, आणि लघवीची गोळी मात्र तीच चालू असते. दोन वर्षांपूर्वी मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाबांचं वजन ड्राय वेटपेक्षा १.६ किलोंनी खाली गेलं. आम्ही खूश झालो, पाणी उतरतंय म्हणून. चौथ्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर येताना ते भिंतीला धरून खाली बसले. बीपीचा वरचा आकडा ८४. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली आणि मला विचारलं, खाली गेलेल्या वजनाचा फोन का केला नाहीत?

तेव्हापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांना आपण होऊन विचारतो : उन्हाळ्यात गोळीचं काय, पाण्याची मर्यादा सैल करायची का, जुलाब लागले तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि कुणाला विचारून. उत्तर वहीच्या पहिल्या पानावर जातं. आणि वहीतल्या 'ड्राय वेटपेक्षा किती' या रकान्यात आईने आता अधिक आणि उणे अशी दोन्ही चिन्हं छापील अक्षरांत काढून ठेवली आहेत, रोज त्यातल्या एकाला गोल करायचा.